दांडी आणि रिमोट

११ मे, धुळे
भाच्याने ऑनलाइन मागवलेली जॉयस्टिक आली. लाल गोळ्याची दांडी, मोठी गोल बटणं, यूएसबीची वायर. थेट जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनसारखी. खोकं हलकं, जोरात खेळलं की टेबलावर सरकतं. दांडी वळवली की आतले मायक्रोस्विच टकटक वाजतात.

लॅपटॉपवर पॅक-मॅन लावला तर तो वळणावळणावर अडकतो. १९८० च्या मूळ मशीनची दांडी चारच दिशांना जायची. ही आठ दिशांना जाते; जरा तिरकी पडली की गेमला दोन दिशा एकदम कळतात. संध्याकाळी तळाचं झाकण काढून दांडीभोवतीची चौकोनी चकती ४५ अंशांत फिरवली. वळणं बिनचूक झाली. भाचा खूश.

१२ मे
"मामा, ओरिजिनल म्हणजे अशीच ना?" मशीनची अशीच. घरातली वेगळी होती. कॉन्ट्रा हा गेम १९८७ साली आर्केडमध्येच आला, पण खानदेशातल्या माझ्या पिढीने तो घरच्या टीव्हीसमोर बसून अंगठ्यांनी खेळला.

१४ मे, जळगाव
पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने परत. माळ्यावरचा डबा उतरवला. त्यात दोन रिमोट (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो): एक 'मीडिया' या टीव्ही गेमचा, एक अस्सल निन्टेन्डोचा, मुंबईच्या मित्राने दिलेला. दोन्ही उघडले.

अस्सलमध्ये अधिक-चिन्हाच्या बटणाखाली मधोमध उंचवटा आहे. एक बाजू दाबली की समोरची आपोआप उचलली जाते, डावं-उजवं एकदम लागतच नाही. गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये डाँकी काँगच्या हातातल्या गेमसाठी केलेली ही रचना. माझ्या मीडियाच्या रिमोटमध्ये तो उंचवटा नाही. अंगठा मध्यावर दाबला की चारही दिशा लागतात. चिपच्या जागी काळ्या लाखेसारखा थेंब.

१५ मे
खोडरबराने रिमोटच्या आतल्या पट्ट्या घासल्या, रबराचे काळे ठिपके स्पिरिटने पुसले. मग मारिओ, तिन्हींवर.

धावायला बी धरून ठेवावं लागतं आणि उडी ए वर. रिमोटवर एकच अंगठा बी वर आडवा ठेवून कलता केला की ए दाबला जातो. मोठ्या बटणांवर दोन बोटं लागतात, ठीक आहे. पण उलट फिरताना दांडीला या टोकापासून त्या टोकाला जावं लागतं, तेवढ्यात मारिओ खड्ड्यात. इथे नवी दांडी कमी पडते, आणि ती कितीही महागाची घेतली तरी पडेल.

मीडिया, समुराई, लिटल मास्टर: आमच्या घरांतले 'ओरिजिनल' हे सगळे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमवरून बेतलेले. तेव्हा नक्कल म्हणून कुणाला कमी लेखणार नाही. बटणाखाली काय आहे ते पाहीन.

१६ मे
मीडियाच्या रिमोटची वायर आज बुडाशी तुटली. आठ बटणं, पण आत ताराच पाच: बटणांची स्थिती एकामागोमाग एक, एकाच तारेतून जाते. गोलाणी मार्केटमध्ये पाच तारांची केबल पाहायची, जुना नऊ पिनांचा प्लग तसाच ठेवून डाग द्यायचा. जूनमध्ये भाचा येतोय. दोघांच्या कॉन्ट्राला दोन रिमोट लागतात.