मऊ शिसं

गेल्या महिन्यात रेंजवरच्या एका म्हाताऱ्या सोबत्यानं माझ्या गाडीच्या डिकीत एक बादली ठेवली. बंद पडलेल्या कुठल्याशा छापखान्यातलं शिसं. ‘फुकट घे, पण तुझ्या रिव्हॉल्व्हरच्या कामाचं नाही,’ हेही वर सांगून टाकलं. घरी येऊन बादली उपडी केली, तर लायनोटाइपच्या ओळी. उलटी अक्षरं, कडांना वाळलेली शाई. आणि तो वास! सांगलीच्या प्रेसमधून अण्णा घरी आले की त्यांच्या शर्टाला यायचा, तोच.

म्हातारा म्हणाला ते खरंच होतं. माझ्याकडे कोल्टच्या १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली नक्कल आहे. ठासणीचं काम. सिलिंडरच्या प्रत्येक घरात आधी काळी दारू, तिच्यावर शिशाची गोळी, मागे तांब्याची टोपी. गोळी घरापेक्षा किंचित मोठी घ्यायची: ०.३७५ इंचाची, काहींना ०.३८० ची लागते. नळीखालचा दांडा ओढून ठासली की कडेचं शिसं तासलं जातं आणि बाहुलीच्या बांगडीएवढी अखंड कडी सुटून येते. ती सुटली की जीव भांड्यात पडतो. गोळी घट्ट बसली. शेजारचा बार उडाल्याच्या धक्क्यानं ती पुढे सरकून सिलिंडर अडवणार नाही.

पण त्यासाठी शिसं शुद्ध हवं. नखानं ओरखडा उठला पाहिजे, फरशीवर टाकलं तर बद्द वाजलं पाहिजे. लायनोटाइपच्या धातूत शेकडा बाराच्या आसपास अँटिमनी आणि चारेक भाग कथील. तो खणकन वाजतो. ठासायला गेलात तर एखादे वेळी दांडाच वाकेल. टोकदार गोळ्यांचे भक्तही आमच्यात आहेत. यादवी युद्धातल्या कागदी काडतुसांत त्याच असत, हा त्यांचा हुकमी एक्का. असोत बापडे. त्या जरा तिरक्या बसल्या की नेम गेला. मला गोलच बरी.

मी हार्टफर्डजवळ राहतो. कोल्टच्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट हायवेवरून दिसतो. पश्चिमेला लिचफील्ड. १७७६ च्या जुलैत न्यूयॉर्कमध्ये लोकांनी तिसऱ्या जॉर्जचा सोनेरी मुलाम्याचा शिशाचा पुतळा खाली ओढला. त्याचे तुकडे लिचफील्डला आले आणि गावातल्या बायकामुलींनी गोळ्या ओतून काडतुसं केली: ४२,०८८. राजाचं शिसं राजाच्याच फौजेवर. मला कौतुक त्या मोजणाऱ्याचं वाटतं.

अण्णांच्या प्रेसचे खिळे कुणी मोजले नाहीत. ते किलोवर गेले. ऑफसेट आलं तेव्हा मालकाच्या मुलानं केसेस उपड्या करून पोती भरली. अण्णांनी वर्षानुवर्षं लावलेली घरं, काने-मात्रा, जोडाक्षरं, सगळ्याचा एकच ढीग. भंगारवाल्यानं काटा लावला. अण्णा उकिडवे बसून त्यातले ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ वेचत राहिले. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मालकाच्या मुलानं हात पुढे केला, मूठभर खिळे मागून घेतले आणि काट्यावर टाकले. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. पुढे तो नगरसेवक झाला, मग वारला. तरी नाही.

आधुनिक पिस्तूलवाल्यांना मात्र असलं कडक शिसं सोन्यासारखं. एकानं बदल्यात जुन्या छपराचं शुद्ध शिसं देऊ केलं, तेही वजनाला वजन. व्यवहार चोख होता. मी नको म्हटलं. त्याला राग आला असावा.

शिसं वितळवतो म्हणून वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो. गॅरेजचं दार सताड उघडं, हातात मोजे, नंतर रगडून हात धुणं. अण्णा खिळे जुळवलेल्या हातानंच विडी ओढायचे, डबा खायचे. प्रेसमध्ये उतारा म्हणून रोज गुळाचा खडा मिळायचा. तो बहुतेकदा त्यांच्या खिशातून माझ्यासाठी घरी यायचा, काळसर बोटांचे ठसे लागलेला. मी तो पुरवून पुरवून चघळायचो.

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शिशाशी संबंध कधीपासूनचा? मी रिव्हॉल्व्हर घेतल्याचं साल सांगितलं.