सहज

डॉक्टरांनी हिला रोज तासभर चालायला सांगितलं, तिथून या सगळ्याची सुरुवात झाली. पहिले पंधरा दिवस ती रोज सकाळी कमळेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन येत होती. सोळाव्या दिवशी परत आली ती पायरीवरच बसली आणि म्हणाली, "अहो, घाण्याच्या बैलासारख्या या फेऱ्या माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत. चालायचंच आहे तर कुणाच्या तरी दारात पोचू या."

मी हसण्यावारी नेलं. पण हिनं वही काढली आणि ज्यांच्याकडे आपण कित्येक वर्षांत गेलो नाही त्यांची नावं लिहायला घेतली. एक पान भरलं, दुसरंही भरत आलं. मी म्हटलं, "यांच्याकडे गेलो होतो की गेल्या वर्षी." ती म्हणाली, "बाराव्याला." खरंच होतं ते. स्कूटर आली, मग गाडी आली, नद्यांवर पूल झाले, आणि आमचं जाणं लग्नाला नाहीतर बाराव्याला एवढंच उरलं.

तर २०२५ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयतां चालायला निघालो. भाच्यानं आपला तंबू दिला. "घरं असताना तंबू कशाला?" असं सगळ्यांनीच विचारलं. हिचं उत्तर तयार होतं. "अचानक दोन माणसं दारात उभी राहिली की घरची बाई आधी अंथरुणं मोजते. आपलं छप्पर आपण नेलं की तिचा जीव भांड्यात पडतो." या युक्तिवादाला कोरगावात अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

पहिली वाट आईच्या माहेरची, आरोंद्याची. पिशवीत पाच शेर कोरगुटाचे तांदूळ घेतले. आमच्या खाजनात खारं पाणी सोसून उभं राहणारं हे भात. माहेरी जाताना आई हेच न्यायची. पहाटे निघालो, उन्हं चढायच्या आत किरणपाणीला पोचलो. समोर तेरेखोल नदी, पलतडीला आरोंदा. आता इथे पूल आहे. चालत ओलांडायला काही मिनिटं लागतात.

या नदीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पेडणे महाल आधी सावंतवाडीकर भोसल्यांचा; १७८८ साली तो पोर्तुगिजांकडे गेला. राज्यं दोन झाली तरी सोयरीक एकच राहिली. आमच्या घरातल्या निम्म्या सुना पलतडीच्या. आई १९५३ साली लग्न होऊन कोरगावात आली. दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि हद्द बंद झाली. अलीकडे पोर्तुगिजांचा पहारा, पलीकडे आपला. दोन तासांच्या वाटेवरचं माहेर आईला परदेश झालं. १९५७ साली तिची आई गेली. ती बातमी कोरगावात पोचेपर्यंत सुतकाचे दिवसही उलटून गेले होते. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. आई माहेरी गेली ती त्यानंतरच्या जानेवारीत.

हे मला माहीत होतं. पण घरात सांगितलेली गोष्ट जशी माहीत असते तसंच.

मावशी, आईची धाकटी बहीण, ऐंशीची आहे. पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. घामानं निथळत, पाठीवर बोचकी घेऊन आम्ही दोघं अंगणात शिरलो. तिनं वर पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि उभी राहिली.

"कोण गेलो रे?"

मला क्षणभर कळलंच नाही. हिला आधी कळलं. ती म्हणाली, "कोण नाय गे मावशी, आमी सहज इलंव."

"सहज कोण येता?" मावशी म्हणाली, आणि तरीही एकदा माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

गूळ-पाणी झालं, पेज झाली, तरी तो प्रश्न माझ्या कानातून जाईना. तिनं टोमणा मारला नव्हता. गेल्या वीस वर्षांत तिच्या दारात माझी पावलं ज्या कारणानं लागली, तेच कारण तिनं सरळ विचारलं होतं.

संध्याकाळी ती आम्हाला नदीकडच्या अंगाला घेऊन गेली. म्हणाली, हद्द बंद झाली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आजी रोज दिवेलागणीला पडवीतला कंदील काढून नदीकडच्या माडाला टांगायची. आजोबा रॉकेलवरून ओरडायचे. किरणपाणीला आईची नणंद दिली होती. कधीमधी आई तिच्याकडे येत असेल, आली तर बघेल, एवढाच आजीचा हिशेब. दोन वर्षं तो कंदील लागला. मग आजी गेली.

"तुझे आवशीक दिसायचो काय नाय, देवाक ठावक," मावशी म्हणाली. आईनं माझ्याकडे कधी त्या कंदिलाचं नाव काढलं नव्हतं, आणि आता तिला विचारण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या सांगण्यावरून शिरोड्यामार्गे आरवलीच्या वेतोबाला गेलो. शिरोडा म्हणजे वि. स. खांडेकरांनी १९२० पासून अठरा वर्षं जिथे शाळा चालवली ते गाव. आरवलीला वेतोबापुढे केळ्यांचे घड आणि नवसाच्या मोठमोठ्या चामडी चपला. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. ही बराच वेळ त्या चपलांकडे बघत उभी होती. म्हणाली, "या देवाला गाडी कुणी वाहिली नाही ते बरं झालं."

परत निघताना मावशीनं सोलांची पुरचुंडी दिली. "मयेक तुझ्या ताईक दी. सांग, मावशेन दिल्यान." झालं, आम्ही टपालवाले झालो.

मये डिचोली तालुक्यात. सगळी वाट चाललो असं खोटं लिहीत नाही; डिचोलीपर्यंत बसनं गेलो. लहानपणी वडलांबरोबर त्या बाजूच्या डोंगरांतल्या पायवाटांनी फिरल्याचं आठवतं, पण खाणींनी काही ठिकाणी डोंगरच नेले, मग वाटा कुठल्या राहायच्या! डिचोलीहून मात्र चालत तळ्यावरून ताईकडे पोचलो. सोलं हातात घेतल्यावर ताईनं आधी वास घेतला. "मावशीच्या हातची," म्हणाली, आणि लगेच फोन लावला. दोघी पाऊण तास बोलल्या. ताईच्या बागायतीत तंबू ठोकला. रात्री त्यात तिची तिन्ही नातवंडं झोपली आणि आम्ही दोघं पडवीत चटईवर.

सकाळी तिथून नार्व्याला सप्तकोटेश्वराला गेलो. मूळचा हा देव नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ मोडलं तेव्हा भक्तांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणलं. १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. हात जोडताना मनात आलं, आमच्या मुलखात देवालासुद्धा नदी चुकली नाही.

ताईनं दोन पिशव्या मानकुराद दिले, एक मावशीला आणि एक दोडामार्गच्या माझ्या शाळासोबत्याला. त्याला भेटून नऊ वर्षं झाली होती. तो म्हणाला, तंबू माझ्या बागेत नको. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरतात. माड, केळी त्यांच्या पायाखाली जातात, तुमचा तंबू काय चीज! म्हणून त्यानंच आम्हाला पारगडावर नेलं.

पारगड चंदगड तालुक्यात, कोकणाच्या कड्यावर. तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा इथले किल्लेदार होते आणि त्या काळच्या घराण्यांचे वंशज आजही गडावर नांदतात. त्यांची परवानगी घेऊन भवानीच्या देवळाजवळ तंबू ठोकला. मित्र तिथल्या ओळखीच्या घरी झोपायला गेला. वारा असा की दोरी धरून बसावं लागलं.

झोप येईना म्हणून कड्याकडे तोंड करून बसलो. खाली काळोखात लांबवर दिवे. कुठले, ते सांगता येत नव्हतं. घरी आमचं बोलणं म्हणजे सिलिंडर संपला आणि विजेचं बिल भरलं. त्या रात्री किती तरी वेळ दोघंही गप्प होतो. मग ही एकदम म्हणाली, "अहो, सासूबाई शेवटच्या दुखण्यात संध्याकाळ झाली की मला म्हणायच्या, 'पलतडीचो दिवो दिसता काय बघ गो.' मला वाटायचं, भ्रमात बोलतायत. मी खिडकी लावून घ्यायची."

मी काही बोललो नाही. ती डोळे पुसत होती की वाऱ्यानं पाणी येत होतं, हेही विचारलं नाही.

गडावरून उतरलो आणि दोन दिवसांनी पाऊस सुरू झाला. त्या वर्षी मे संपायच्या आतच त्यानं गाठलं. वहीतली बाकीची नावं तशीच राहिली. पण मावशीचे आंबे पोचवायचे होते. छत्री घेऊन, चिखल तुडवत, पुन्हा किरणपाणीचा पूल ओलांडला.

मावशी पडवीतच होती. आम्हाला पाहून यावेळी उठली नाही. "इलात? आज काय हाडलंस?" एवढंच विचारलं. आंबे दिले. तिनं एकेक हातात घेऊन, देठाशी हुंगून, पाटीत लावून ठेवले. मग हिनं तिच्याजवळ बसून आईचं ते संध्याकाळचं बोलणं सांगितलं.

मावशीनं ऐकलं. बराच वेळ पाटीतल्या आंब्यांवरून हात फिरवत राहिली. नदीकडच्या माडावर पाऊस वाजत होता. शेवटी म्हणाली, "मगे रॉकेल फुकट गेला नाय."