टोप कुणाच्या मापाचा?

काही नाटकांचं नावच डोक्याला शॉट देतं. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' २०१२ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा आमच्या लालबागच्या घरात पहिला प्रयोग नावावरच रंगला. ''महाराजांचं नाव एकेरी? आणि वर अंडरग्राउंड?'' इति बाबा. तरी दादरच्या प्रयोगाची दोन तिकिटं त्यांनीच काढली. म्हणाले, आधी बघू, मग शिव्या घालू. मी तेव्हा शाळेत होते.

गोष्ट भन्नाट. महाराजांना न्यायला यम येतो. महाराज जातात, पण आपले विचार खालीच ठेवून! मग बिचारा यम त्यांचा टोप घेऊन पुन्हा पृथ्वीवर. कशाला? तर हा टोप बसेल असं डोकं शोधायला. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, लेखन राजकुमार तांगडे यांचं आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचं, म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मधले फाळके. बरेचसे कलाकार जालन्याकडचे, शेती करणारे. त्यांची बोली आमच्या कानांना नवी, पण पंच एकही हुकला नाही. मृत्यूचा देव डोक्यांची मापं घेत हिंडतोय आणि अख्खं थिएटर खो खो हसतंय!

मग पोवाड्यांचा सामना सुरू झाला. एका बाजूला फक्त दुश्मन आणि लढाया, दुसऱ्या बाजूला रयतेचा राजा. शेजारी बाबांचं हसू थांबलं. आमच्या मंडळात दर शिवजयंतीला स्पीकरवर पहिल्या जातीचे पोवाडे लावायचं काम त्यांचंच होतं ना!

सुटल्यावर बस सोडून आम्ही चालत शिवाजी पार्कला गेलो. नाटकाबद्दल चकार शब्द नाही. १९६६ सालच्या त्या अश्वारूढ पुतळ्याकडे बघत एवढंच म्हणाले, ''हातात तलवार नाहीये गं. नुसता हात पुढे केलाय.'' शेकडो वेळा तिथून गेले असेन, कधी लक्षातच आलं नव्हतं.

नाटक आवडलं, असं बाबा आजतागायत बोललेले नाहीत. पण पुढच्या शिवजयंतीला स्पीकरवर काय लावायचं, यावरून मंडळात त्यांची जुन्या दोस्तांशी जुंपली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते मिरवणूक अर्धी टाकून घरी आले.

आता दर १९ फेब्रुवारीला आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर फॉरवर्ड्सचा पाऊस पडतो. प्रत्येकाला टोप आपल्याच डोक्यावर फिट्ट बसल्यासारखा वाटत असतो. यमाची ड्यूटी काही संपलेली दिसत नाही, बॉस!