कारखान्यांच्या गराड्यातलं जुनं देऊळ



मुंबईला गेलात की गेटवे बघता, राणीची बाग बघता, मसजिद बंदरला आपलं १७९६ सालचं सिनेगॉग बघता. आज मी अंधेरी पूर्वेच्या एका जागेबद्दल सांगणार आहे. ही जागा फारशी कोणी बघत नाही.

तिथे सीप्झ नावाची कारखान्यांची वसाहत आहे. ती १९७३ साली सुरू झाली. आधी इलेक्ट्रॉनिक्स आणि नंतर हिरे-दागिने, सगळा माल परदेशी जाणारा. फाटकावर पहारा असतो, पासाशिवाय आत सोडत नाहीत. आणि या कारखान्यांच्या मधोमध संत जॉन बाप्तिस्ताचं चर्च पडक्या अवस्थेत उभं आहे. पोर्तुगीज जेसुइट पाद्रींनी ते १५७९ साली बांधलं. तेव्हा इथे कोंदिवटे गाव होतं. जवळच्या महाकाली लेण्यांना आजही कोंदिवट्याची लेणी म्हणतात.

पुढे १७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ साली इंग्रज आले. राज्यं बदलली तरी लोकांनी देऊळ सोडलं नाही. सोडलं ते १८४० साली, गावात साथ आली तेव्हा.

मी जन्मभर नर्सचं काम केलं, म्हणून या गोष्टीपाशी माझं मन अडकतं. जंतूंमुळे रोग होतो हे त्या काळी कोणाला सिद्ध करता आलेलं नव्हतं. ना सलाईन, ना अँटिबायोटिक. गाव सोडणं हाच एक उपाय लोकांच्या हातात होता. ते जवळच मरोळला गेले आणि तिथे नवीन चर्च उभं केलं. पण हात हलवत नाही गेले! जुन्या चर्चचे खांब, मूर्ती आणि बाप्तिस्म्याचं कुंड बरोबर नेलं. म्हणजे पुढची बाळं त्याच कुंडाशी नेली गेली.

माझी एक ईस्ट इंडियन मैत्रीण आहे, आम्ही नर्सिंग एकत्र शिकलो. घरी ती मराठीच बोलते, त्यांच्या ढंगाची. तिच्याबरोबर मी एकदा मे महिन्यात तिथे गेले, कारण वर्षातून एकदा मे महिन्यात मरोळच्या लोकांना तिथे मिस्सा करायची परवानगी मिळते. चर्चला छप्पर नाही. भिंती उभ्या आहेत, पण त्यांत झाडांची मुळं शिरली आहेत. ती म्हणाली, "हे आमचं जुनं देऊळ." मला हसू आलं. आमच्या घरी सिनेगॉगला मशीद म्हणायचे!

या जागेत भूत आहे असं लोक सांगतात. मुलांनो, त्यावर विश्वास ठेवू नका. जिथे माणसं आजाराने गेली आणि जागा ओस पडली, तिथे अशा गोष्टी जोडल्या जातात. खरी गोष्ट एवढीच, की कोणाची तरी आजी-पणजी इथे प्रार्थनेला येत होती, आणि तिची माणसं अजून वर्षातून एकदा येतात.

आता मेट्रोने मरोळ नाक्याला उतरता येतं. सीप्झच्या आत जाता आलं नाही तरी मरोळचं चर्च जरूर बघा.

आणि हो, मुलांनो, आजी-आजोबांना एक विचारा: आपलं कोकणातलं गाव कोणतं? तिथल्या मशिदीची आणि कबरींची झाडलोट आज कोण करतं? उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या सुट्टीत तिथे एकदा जाऊन या.