दिलगिरीची चौकट

पत्रकारितेची धुळाक्षरं मी दिल्लीत, रफी मार्गावर गिरवली. तिथल्या आयएनएस इमारतीत देशभरच्या भाषिक वृत्तपत्रांची कार्यालयं दाटीवाटीनं बसलेली. आमची खोली म्हणजे दोन टेबलं, एक फोन आणि भिंतभर फायली. मी लागलो होतो कात्रणं चिकटवायला. बातमी लिहायला शिकवलं आमच्या खोलीतल्या बातमीदार अण्णांनी, तेही मी न मागता.

संध्याकाळी मुंबईला फोनवरून बातमी सांगायची, पलीकडे उपसंपादक लिहून घेणार. एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर हमखास घोळ घालतात. म्हणून अण्णा ‘पाचावर नऊ’ असं फोडून सांगत आणि समोरच्याकडून परत म्हणून घेतल्याशिवाय पुढे सरकत नसत. एवढं करूनही एकदा आकडा चुकीचा छापला गेलाच. चूक मुंबईची होती. दुसऱ्या दिवशी दिलगिरीचा मजकूर अण्णांनीच सांगितला, कोणावर बोट न ठेवता. मी कुरकुरलो तर म्हणाले, ‘‘अरे, कागद घरोघरी गेलाय. आता तो परत कोण आणणार?’’

आणीबाणीची गोष्ट ते खालच्या चहावाल्याकडे रंगवून सांगत. 25 जून 1975 च्या रात्री बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली. ‘स्टेट्समन’ आणि ‘हिंदुस्तान टाइम्स’ मात्र निघाले, कारण त्यांना वीज नवी दिल्ली नगरपालिकेची. ही गोम सांगताना अण्णांना भलताच आनंद व्हायचा, जणू तारा त्यांनीच जोडल्या होत्या.

आता मी नोएडात एका न्यूज पोर्टलमध्ये आहे. छापील पेपरचं पुढे काय, असं तिथली मुलं विचारतात. ताज्या बातमीची शर्यत कागद केव्हाच हरला, आणि त्याचं मला फारसं दुःखही नाही. धास्ती वेगळीच आहे. आमच्याकडे दुपारी मथळा बदलतो, चार वाजता आकडा बदलतो आणि संध्याकाळी सकाळची बातमी कधी नव्हतीच. अण्णांचं देणं लागतो, म्हणून मी हट्ट धरला, की बदल केला तर बातमीखाली वेळेसकट तशी नोंद टाकायची. आकड्यांपुरतं मान्य झालं. मथळ्यांचं घोडं अजून अडलंय. मार्केटिंगवाले म्हणतात, नोंद दिसली की वाचक पळतो. सोमवारच्या मीटिंगमध्ये पुन्हा भांडायचं आहे.