थोडा जांभळा वाढवशील?

'खरंच असं दिसतं का गं?' तेजोमेघाचा फोटो दाखवला की दहातले नऊजण हेच विचारतात. (दहावा विचारतो, 'कॅमेरा कितीला पडला?') दोन वर्षं हा प्रश्न ऐकतेय, पण एका वाक्यात उत्तर अजून जमलेलं नाही. त्यात माझी नोकरी ब्रँडिंगमधली. दिवसभर फोटोतली कातडी उजळ आणि समोसे कुरकुरीत करायचे. त्यामुळे माझ्यावर संशय जरा जास्तच!

शिकायचं असेल तर सुरुवात मृगापासून करा. थंडीत रात्री नऊ-दहाला तो मस्त वर आलेला असतो. व्याधाने मारलेला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन ठळक तारे, शाळेपासून ओळखीचे. त्यांच्याजवळच तीन फिकट ठिपके लटकलेले दिसतात. त्यातला मधला म्हणजे एम ४२, मृगातला तेजोमेघ. अंतर साधारण १३५० प्रकाशवर्षं. आज कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. विचार केला की डोकं गरगरतं.

ठाण्याच्या आमच्या गच्चीवरून तो ठिपका कसाबसाच दिसतो. म्हणून अमावास्येच्या आसपासचा वीकेंड गाठायचा, चौघांनी पेट्रोलचे पैसे काढायचे आणि मुरबाडच्या पुढे मैत्रिणीच्या मामांच्या शेतावर जायचं. मामी रात्री दोनला चहा आणून देतात आणि दर वेळी म्हणतात, 'अजून तेच काढताय?'

हो मामी, तेच. कारण एका फोटोत काही होत नाही. माझ्याकडे सेकंडहँड डीएसएलआर, ५० एमएमची लेन्स आणि एक जडशीळ ट्रायपॉड. टेलिस्कोप वगैरे नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे पाचेक सेकंदांपेक्षा जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की तारे तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट होतात. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर मिळतो, पण पहिल्या वर्षी त्याच्यावाचून काही अडत नाही. व्याधाचा तारा स्क्रीनवर मोठा करून फोकस लावायचा आणि पाच-पाच सेकंदांचे ४०० फोटो काढायचे. मग लेन्सला झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे तीस-चाळीस काळे फोटो. ऐकून हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण सेन्सर स्वतःच्या उष्णतेने जे खोटे ठिपके उठवतो ते या काळ्या फोटोत पकडले जातात आणि नंतर वजा करता येतात.

घरी आल्यावर डीपस्कायस्टॅकर नाहीतर सिरिल. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. ताऱ्यांवर तारे बसवून सगळ्या फोटोंची सरासरी काढायची. प्रत्येक फोटोतली खरखर वेगळी, तेजोमेघ मात्र तोच. त्यामुळे खरखर एकमेकीत जिरते आणि विसाव्या हिश्शावर येते. (४०० चं वर्गमूळ. शाळेतलं गणित कामी आलं बुवा!) मधूनच गेलेल्या सॅटेलाइटची रेघही 'बाकीच्या ३९९ मध्ये ही नाही' म्हणून बाद होते.

एवढं करून स्क्रीनवर काय येतं? काळाकुट्ट चौकोन! सगळा माल अंधाराच्या टोकाला दाटीवाटीने बसलेला असतो. तो हळूहळू ताणून वर आणायचा. आधी राखाडी धूर, मग पंखांसारखा आकार, मग लाल-गुलाबी रंग. या अर्ध्या तासात मी फोन उचलत नाही.

आता त्या प्रश्नाकडे. डोळ्यांना असं दिसत नाही, कारण अंधारात आपले डोळे रंग ओळखत नाहीत आणि प्रकाश साठवूनही ठेवत नाहीत. कॅमेरा साठवतो. १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपरने याच तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. १८८३ मध्ये लंडनजवळच्या आपल्या घराच्या बागेतून अँड्र्यू कॉमनने घेतलेल्या फोटोत दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. आणि १८९० च्या सुमाराला आपल्या पुण्यात, कॉलेज ऑफ सायन्समध्ये, प्राध्यापक नायगमवाला याच मेघाचा वर्णपट तपासत होते. तो लाल रंग हायड्रोजनचा आहे. आपल्याला दिसो न दिसो, तो तिथे आहे.

हबलचा १९९५ मधला 'पिलर्स ऑफ क्रिएशन' आठवतोय? त्यात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलाय. नकाशात जिल्ह्यांना देतात तसा, आणि तसं सांगूनच. मला त्यात फसवणूक वाटत नाही. खटकतात ती फोटो 'धारदार' करून देणारी एआय टूल्स. काही वेळा ती धुराची अशी सुंदर वेटोळी काढून देतात, जी माझ्या ४०० पैकी एकाही फोटोत नसतात. म्हणून माझा नियम साधा. स्लायडर हवा तेवढा सरकवायचा, पण तो अख्ख्या फोटोला लागला पाहिजे. ब्रश घेऊन एका कोपऱ्यात कलाकुसर नाही.

या नियमाची परीक्षा ऑफिसातच झाली. नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी बॉसला माझा एम ४२ आवडला. डिसेंबरच्या पानावर, खाली माझं नाव. अप्रेझल तोंडावर, म्हणजे सोन्याहून पिवळं! मग केबिनमध्ये बोलावणं आलं. 'थोडा जांभळा वाढवशील? ब्रँड कलर आहे आपला. आणि खाली सी लिंक टाकू.' समोसा असता तर दहा मिनिटांत करून दिला असता. मी म्हटलं, 'सर, सी लिंक नको. जांभळाही नको. त्यात जांभळा नाहीये.' ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'कोणाला कळणार आहे?' खरं होतं ते. कोणालाच कळलं नसतं.

कॅलेंडर छापून आलं. डिसेंबरच्या पानावर विकत घेतलेली एक जांभळीजर्द आकाशगंगा आहे, आणि दिसतेय छान. अप्रेझलचं विचारू नका.

माझ्या फोटोची एक प्रिंट मामींकडे दिली. त्यांनी ती स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या भिंतीला लावलीय. आल्यागेल्याला सांगतात, 'आमच्या शेतावरचा आहे.'