बोहरी आळी ते जुना बाजार

बार्शीकडच्या घरांत निकाह ठरला की संसाराच्या सामानासाठी पुणे गाठायचे, आणि पुण्यात आधी बोहरी आळी, हे ठरून गेलेले आहे. रविवार पेठेतली ही आळी बोहरा व्यापाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. खिळे, कड्या-कोयंडे, बादल्या, डबे, दोऱ्या, चाळण्या, सगळे इथे एका रांगेत आणि ठोकच्या भावात. पूर्वी स्वारगेटला एसटीतून उतरून पिशव्या सांभाळत पायी यावे लागे. आता मेट्रोने एकच स्टेशन. मंडईला जमिनीतून वर आलो की १८८६ साली बांधलेली ती दगडी मंडई दिसते, आणि तिथून रविवार पेठ चालत पाच-दहा मिनिटांची.

यंदा निकाह आमच्या भाचीचा, शाबानमध्ये. मुलाकडच्यांनी काही मागितलेले नाही. दोघेही नोकरीला आहेत आणि हडपसरला दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणार आहेत. रिकाम्या घरात पहिल्या दिवशी चूल तरी पेटावी म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून ४०,००० रुपये जमवले. त्यातली निम्मी रक्कम पलंग-गाद्यांवर आणि गॅसवर आधीच गेली होती. उरलेले २०,००० घेऊन आम्ही दोघे, भाची आणि आमची थोरली फुफी असे चौघे निघालो. दिवस मुद्दाम बुधवारचा धरला. जुना बाजार बुधवारी आणि रविवारीच भरतो, आणि फुफीला तिथे जायचेच होते.

बोहरी आळीत शिरल्यावर पहिला तासभर सगळेच घ्यावेसे वाटते. भाव असे की यादीच लांबत जाते. ९० रुपयांची बादली, तिच्यावर मग फुकट. फुफीने बादलीची कड दोन बोटांनी दाबली, ती कागदासारखी वाकली. शेजारी जाड कडेची, २४० रुपयांची होती. पातळ बादली भंगार प्लास्टिक पुन्हा पुन्हा वितळवून केलेली असते. उन्हात ठेवली की वर्षभरात कडकते आणि भरलेली उचलताना कान हातात येतो. बार्शीच्या उन्हात तर एक उन्हाळा पुरे. मग पुन्हा ९०, पुन्हा ९०. फुफीने दुकानातल्या पोराला विचारले, "ह्याची मोड किती येईल रे?" पोरगा हसायला लागला. प्लास्टिकच्या बादलीची मोड विचारणारे गिऱ्हाईक त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे.

मोड म्हणजे काय हे नव्या मुलांना सांगावेच लागते. तांब्या-पितळेचे भांडे जुने झाले की दुकानदार ते वजनावर परत घेतो आणि त्या दिवशीच्या भावाने पैसे देतो किंवा नव्या भांड्यात वळते करतो. म्हणजे भांडे घेताना दिलेल्या पैशांतले बरेचसे भांड्यातच शिल्लक असतात. फुफीच्या पिढीत वस्तूची किंमत दोनदा विचारली जाई, घेताना आणि मोडताना. आता घेतानाचीच विचारली जाते.

कुकरच्या दुकानात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने आला. पाच लिटरचा, कुठल्यातरी अनोळखी नावाचा कुकर ६५० ला होता. नेहमीच्या नावाचा १,७०० ला. भाचीने विचारले, "याची रिंग कुठे मिळेल?" उत्तर नीट मिळाले नाही. कुकर म्हणजे नुसते भांडे नव्हे. त्याची रबरी रिंग दोन-तीन वर्षांत सैल पडते, सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तर बदलावा लागतो. रिंग त्या मापाची बाजारात नसली तर चांगला कुकर भंगारात जातो, किंवा, जास्त वाईट म्हणजे, दुसऱ्याच मापाची रिंग कशीबशी बसवून वापरला जातो. स्वयंपाकघरात उभी असते ती घरातली बाईच. घरगुती कुकरला आयएसआय मार्क कायद्याने बंधनकारक आहे. त्या ६५० वाल्यावरही मार्क होता. पण खऱ्या मार्कच्या खाली सीएम/एल अशी अक्षरे आणि परवान्याचा नंबर असतो, आणि तो नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचे नाव निघते. भाचीने दुकानातच टाकून पाहिला. काहीच निघाले नाही. आम्ही कुकर खाली ठेवला. दुकानदारही काही बोलला नाही.

तिथून तपकीर गल्लीत आलो. ही बुधवार पेठेतली विजेच्या सामानाची गल्ली. या पेठेचे जुने नाव मोहियाबाद, औरंगजेबाच्या काळातले. आता इथे पाटी दिसत नाही इतक्या वायरी आणि दिव्यांच्या माळा लटकलेल्या असतात. आम्हाला दोन पंखे हवे होते. साधा पंखा १,२५० ला, आणि कमी विजेचा, बीएलडीसी म्हणतात तो, २,९०० ला. एकाच घेराचे दोन पंखे, वारा सारखाच, आणि भावात १,६५० चा फरक. पहिल्यांदा तर भाभीला फोन लावून साधेच दोन घेऊन टाकू म्हणालो.

पण भाची हिशेबाच्या कामावर आहे. तिने तिथेच काउंटरवर कागद ओढला. साधा पंखा ७५ वॉटचा, दुसरा ३० चा. झोपायच्या खोलीत दिवसाला १२ तास चालला तर साध्याला ०.९ युनिट, दुसऱ्याला ०.३६. थंडीचे दिवस सोडून वर्षाचे ३०० दिवस धरले तर फरक १६२ युनिटांचा. युनिटला सरासरी ८ रुपये धरले तरी १,२९६ रुपये दर वर्षाला. म्हणजे महाग पंख्याचे जास्तीचे पैसे सव्वा वर्षात वसूल, आणि त्यापुढे स्वस्त पंखाच दर वर्षी जवळजवळ स्वतःच्या किमतीइतके पैसे जास्त खाणार. सीलिंग फॅनवर ताऱ्यांचे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे, त्यामुळे वीज किती खातो हे ताडायला आता दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. लेबलावर सगळे लिहिलेले असते. वाचणारे कमी.

मग स्वयंपाकघरातला पंखा. तो दिवसाला दोन तास चालेल. त्याचा हिशेब केला तर वर्षाला २७ युनिट, २१६ रुपये वाचणार, आणि १,६५० फिटायला साडेसात वर्षे. तिथे साधाच घेतला. महाग ते चांगले, असे समजणाऱ्यांचीही या गल्लीत चांगली फसगत होते. शिवाय दुकानदाराने, खरे सांगायचे तर मोठ्या मनाने, एक गोष्ट सांगितली. बीएलडीसीच्या आत सर्किटचा बोर्ड असतो. तो गेला तर कोपऱ्यावरचा वायंडिंगवाला काही करू शकत नाही, कंपनीचाच माणूस लागतो. साधा पंखा जळला तर कुठल्याही गावात पुन्हा भरून मिळतो. म्हणून गॅरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर हडपसरला आहे का, हे विचारूनच पावती केली.

आमच्या शेजारी एक मजूर माणूस उभा होता, त्याने साधा पंखा घेतला, त्यातही सगळ्यात स्वस्त. भाचीचा कागद त्याने पाहिला होता. म्हणाला, "ताई, खोलीचं लाइटबिल मालक भाड्यातच धरतो. मला काय फरक पडतोय?" त्याचे चुकीचे नव्हते. ज्याच्या खिशात आज १,२५० आहेत त्याला २,९०० चा फायदा कागदावर दाखवून काय उपयोग? भाड्याच्या खोल्यांत असेच चालते, पंखा भाडेकरूचा, बिल मालकाचे, आणि वाढलेले बिल शेवटी भाड्यातून परत भाडेकरूकडेच येते. गरिबाला स्वस्ताई महागात पडते ती त्याला हिशेब येत नाही म्हणून नाही. एकरकमी पैसे नसतात म्हणून. आपल्या मोहल्ल्यांतल्या बायकांच्या भिशा याच कामाला येतात, आणि त्यांना नुसता वेळ घालवण्याचा उद्योग समजणाऱ्या पुरुषांनी एकदा तपकीर गल्लीत येऊन पाहावे.

एक्स्टेन्शन बोर्डाचे थोडक्यात सांगतो. हलका लागला तर घेऊ नका. आतली तार तांब्याची न वापरता ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आणि बारीक असते. इस्त्री किंवा गीझर लावला की तापते. तार कापून टोक पाहिले तर आत पांढरे दिसते.

जोहरची नमाज आणि जेवण उरकून कसबा पेठेत तांबट आळीला गेलो. पेशवाईपासून इथे तांबटांची वस्ती आहे. हातोडीचा आवाज आता पूर्वीइतका नाही, मोजक्या घरांतून येतो, पण ज्या दारात येतो तिथे थांबून पाहण्यासारखे असते. सपाट पत्र्याला गोलाई येते आणि मठारकामाचे बारीक ठसे ओळीने उमटत जातात. फुफीने बार्शीहून पिशवीत दोन भांडी आणली होती, तिच्या स्वतःच्या निकाहातली पातेली आणि एक फुटकी घागर. पातेलीला कल्हई करून ती भाचीला द्यायची होती. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथलाचा तुकडा फिरवला आणि कापसाने पुसले की काळ्या भांड्यात चांदी उतरते. कथील २३२ अंशाला वितळते, तांब्याला एवढी आच काहीच नाही, म्हणून हे साधते. कल्हई नसेल तर आंबट सालन कळकते. तेव्हा तांबेही फुकट पोसले जात नाही. कल्हई पुन्हा पुन्हा करावी लागते, चिंच-मीठ लावून घासावे लागते, आणि भांडे जड. भाचीने स्पष्ट सांगितले, रोजच्याला स्टील, ही पातेली ईदला आणि पाहुण्यांना. फुफीने मान्य केले, जरा नाराजीनेच.

घागर मोडीत दिली. पावणेदोन किलो भरली. दुकानदाराने किलोला ६५० सांगितले, म्हणजे ११३७ रुपये, आणि फुफीने ते ११५० करून घेतले. चाळीस वर्षे पाणी भरून, शेवटी तळ गेलेल्या घागरीचे. भाचीने ते पैसे वेगळ्या कप्प्यात ठेवले.

उतरत्या उन्हात जुन्या बाजारात आलो. शाहीर अमर शेख चौकापासून कुंभार वेशीकडे जाणाऱ्या रस्त्याला हा बाजार लागतो. अमर शेख आमच्या बार्शीचे, १९१६ साली तिथेच जन्मले, म्हणून चौकाच्या पाटीजवळ आम्ही नेहमी क्षणभर थांबतो. रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर लोखंडी अडकित्ते, शिलाई मशीनची डोकी, पितळी नळ, पंख्यांच्या मोटारी, पाने, पकडी, जुन्या इस्त्र्या. सकाळपासून नवे सामान पाहिलेल्या डोळ्यांना इथे एक गोष्ट लगेच दिसते. जे जे विकायला आले आहे ते सगळे स्क्रूने उघडणारे आहे. चिकटवून बंद केलेले, साच्यात एकजीव केलेले, उघडले की तुटणारे असे इथे काहीच नाही. जुन्या बाजारात यायलाही वस्तूच्या अंगी काहीतरी लागते. सकाळची ती ९० ची बादली, तो बिननावाचा कुकर, ४० रुपयांचा चार्जर इथवर कधीच पोचणार नाहीत.

ते कुठे पोचतात हे पुणेकरांना माहीत आहे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या लोकांच्या विहिरी नासल्या, धुराने खोकला जडला, त्यांनी गाड्या अडवल्या, मोर्चे काढले. आमच्या भाचीचे हडपसर त्याच बाजूला, फुरसुंगीच्या अलीकडे. बादलीच्या ९० रुपयांत या गावांच्या पाण्याचे पैसे कोणी धरलेले नसतात.

जुन्या बाजारातून भाचीने एक लोखंडी तवा घेतला. १८० रुपये. सबंध दिवसातली सगळ्यात स्वस्त खरेदी, आणि फुफीच्या मते सगळ्यात चांगली. तव्यात मोडण्यासारखे काही नाही. मग संध्याकाळी मंडईच्या पायऱ्यांवर बसून हिशेब केला. दोन पंखे, कुकर, स्टीलची भांडी, दोन जाड बादल्या, बोर्ड, कल्हई, तवा, भाडे, जेवण, सगळे जाऊन ३,४०० आणि घागरीचे ११५० उरले. यादीतला मिक्सर राहिला. २,००० चा मिळत होता, पण त्याच्या भांड्याचे पाते बदलून मिळेल का, याला कोणी होकार देईना. आपाची भिशी मोहरममध्ये लागणार आहे, तेव्हा चांगला पाहून घेऊ. तोवर फुफीचा पाटा-वरवंटा हडपसरला पाठवायचा आहे, आणि तो एसटीत कोणी उचलून ठेवायचा यावर स्वारगेटपर्यंत वाद चालला होता.